छायाचित्रावरील संस्कार : मेळघाटाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

१

सेमाडोह हे गाव अमरावती जिल्ह्याच्या चिखलदरा तालुक्यात, परतवाड्याहून धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी वसलेले आहे. 'सिपना' हा शब्द कोरकू भाषेतील असून त्याचा अर्थ 'साग' असा सांगितला जातो. 'डोह' हा शब्द मराठी आहे. नदीचे नाव एका भाषेचे आणि गावाच्या नावाचा उत्तरार्ध दुसऱ्या भाषेचा, अशी ही सीमावर्ती भूमी आहे. १९७३-७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत मेळघाटाचा समावेश झाला. तेव्हापासून सेमाडोह हे अरण्य पाहावयास येणाऱ्यांचे एक प्रमुख मुक्कामाचे ठिकाण बनले आहे.

या अरण्यातून आज दोन निरनिराळ्या प्रकारची छायाचित्रे बाहेर पडतात. पहिला प्रकार प्रवाशांच्या छायाचित्रांचा होय. प्रवासी आपल्या भ्रमणध्वनीवर किंवा कॅमेऱ्यावर सागाचे रान, सिपनेचे पाणी, रस्ता ओलांडणारा गवा यांची चित्रे घेतो आणि मुक्कामी परतण्यापूर्वीच त्यांवर हात फिरवितो. हिरवा रंग गडद होतो, सायंकाळ अधिक तांबूस होते, कडा काळवंडून मध्यभाग उजळतो. क्वचित् सारे चित्र शंभर वर्षांपूर्वीचे वाटावे असे पिंगट करण्यात येते. दुसरा प्रकार वाघांची गणना करण्यासाठी वाटेच्या दोहों बाजूंस बसविलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांचा. त्यांत सौंदर्य शोधावयाचे नसते. वाघाच्या अंगावरील पट्टे स्पष्ट दिसले, म्हणजे त्या चित्राचे कार्य संपले.

अरण्य एकच, प्राणी तेच, आणि चित्रे उमटविणारे यंत्रही तत्त्वतः एकच. तथापि पहिल्या चित्रावर केलेल्या फेरफाराचे कौतुक होते आणि दुसऱ्यावर तोच फेरफार झाल्यास तो अपराध ठरेल. हा भेद कशावर आधारलेला आहे? छायाचित्रावर केलेली कोणती क्रिया संस्कार म्हणावी आणि कोणती विकार? या प्रश्नाचा छायाचित्रकलेच्या इतिहासाच्या आधारे विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रथम शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. 'छायाचित्र' हा शब्द घडविताना मराठीने छायेला प्राधान्य दिले. 'प्रकाशचित्र' हाही शब्द प्रचारात होता व अर्थदृष्ट्या तो मूळ ग्रीक घटकांना अधिक जवळचा होता. परंतु तो मागे पडला. बोलीत मात्र 'फोटो' हाच शब्द रूढ झाला आणि त्यासाठी क्रियापद आले ते 'काढणे'. चित्रही काढावयाचे आणि फोटोही काढावयाचा. या क्रियापदाच्या योजनेतच एक मत दडलेले आहे. ज्या समाजाने 'काढणे' हे क्रियापद दोन्हीकडे वापरले, त्याने फोटो हा आपोआप उमटलेला ठसा नसून मनुष्याची कृती आहे, हे नकळत मान्य केले आहे.

'संपादन' या शब्दाचा प्रवास याहून उद्बोधक आहे. 'विद्यासंपादन', 'धनसंपादन' यांत त्याचा अर्थ 'मिळविणे, सिद्धीस नेणे' असा आहे. पुढे ग्रंथ आणि वृत्तपत्रे यांच्या संदर्भात 'दुसऱ्याचा मजकूर तपासून, लावून, प्रसिद्धीयोग्य करणे' हा अर्थ त्यास चिकटला. आणि आता संगणकावर छायाचित्रात फेरफार करण्यासही 'छायाचित्रसंपादन' म्हणतात. म्हणजे ग्रंथाच्या बाबतीत जे प्रश्न उपस्थित होतात, ते या शब्दाबरोबर छायाचित्राकडेही चालत आले आहेत. मूळ पाठ कोणता? बदल कोणी केला? तो कळविला आहे काय? या प्रश्नांकडे लेखाच्या शेवटी पुन्हा वळावे लागेल.

३

संगणक येण्यापूर्वी छायाचित्र निर्भेळ होते आणि संगणकाने ते भ्रष्ट केले, असा एक समज सर्वत्र आढळतो. इतिहास या समजाला पुष्टी देत नाही. छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जाहीर झाला आणि त्यानंतर वीस वर्षांच्या आतच अनेक काचा जोडून एक चित्र बनविण्याची कला युरोपात पूर्णत्वास गेली होती. ऑस्कर रेलँडर याने १८५७ मध्ये तीसहून अधिक काचांवरील प्रतिमा एकत्र छापून एक भव्य रूपकचित्र सिद्ध केले. हेन्री पीच रॉबिन्सन याने १८५८ मध्ये पाच काचांतून एका मरणोन्मुख मुलीचे चित्र उभे केले. त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशाला फार लवकर वश होत. त्यामुळे भूमी नीट उमटली की आकाश कोरे पडे. गुस्ताव ल ग्रे याने यावर उपाय म्हणून समुद्र एका काचेवर आणि ढग दुसऱ्या काचेवर घेऊन दोन्ही एकाच कागदावर छापले.

मुंबई या बाबतीत मागे नव्हती. १८५४ मध्ये येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे आरंभीचे भारतीय छायाचित्रकार याच नगरीतले. याच काळात विल्यम जॉन्सन हा इंग्रज छायाचित्रकार मुंबईत काम करीत होता. मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या जातिजमातींची चित्रे असलेला त्याचा ग्रंथ १८६३ व १८६६ मध्ये दोन भागांत लंडनहून प्रसिद्ध झाला. या ग्रंथातील चित्रांत माणसे उघड्यावर, देवळापुढे किंवा घाटावर उभी असलेली दिसतात. परंतु त्यांतील अनेक चित्रे जुळविलेली आहेत. माणसे चित्रशाळेत बसवून त्यांची प्रतिमा घ्यावयाची, पार्श्वभूमी दुसऱ्या काचेवरून आणावयाची, आणि दोहोंचा सांधा लपवावयाचा, ही त्याची पद्धती होती. आज संगणकावर पार्श्वभूमी बदलणारा विद्यार्थी जे करतो, तेच जॉन्सनने मुंबईत दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी केले. फरक एवढाच की जॉन्सनचा ग्रंथ मानववंशाची माहिती म्हणून वाचला जावयाचा होता.

पुढील काळात प्रत्येक मोठ्या गावी फोटोचे दुकान निघाले आणि संस्कार हा त्या धंद्याचा नित्याचा भाग झाला. काचेवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने रेघा ओढल्या म्हणजे काचेचा तो भाग दाट होतो आणि कागदावर तितकाच उजळ उमटतो. या युक्तीने सुरकुत्या नाहीशा करीत. या कामाला दुकानात 'टचिंग' म्हणत. छापलेल्या चित्रावर जलरंगांनी गाल, ओठ, साडीचा काठ आणि दागिने रंगवीत. पाठीमागे रंगविलेला पडदा असे आणि त्यावर कधीही न पाहिलेला महाल किंवा सरोवर. ग्राहकास हे सर्व ठाऊक असे. किंबहुना तो त्यासाठीच पैसे देत असे.

दादासाहेब फाळके यांचे उदाहरण या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय केला होता. ठसे करण्याची व रंगीत छपाईची विद्या त्यांनी आत्मसात केली होती आणि तिच्या अधिक अभ्यासासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस गेले होते. १९१२ मध्ये त्यांनी बीजापासून रोपटे वाढताना दाखविणारा छोटा पट तयार केला. ठराविक अंतराने एकेक चित्र घेऊन अनेक दिवसांची वाढ त्यांनी थोडक्या वेळात दाखविली. यातील एकही चित्र खोटे नव्हते. पण काळ मात्र संपादित होता. नंतरच्या 'लंकादहन' (१९१७) व 'कालियामर्दन' (१९१९) या पटांत त्यांनी युक्तिचित्रणाने अद्भुत दृश्ये उभी केली. प्रेक्षकांनी त्यांना असत्य म्हटले नाही, कारण पुराणकथा पाहावयास आपण आलो आहो हे त्यांना माहीत होते. संस्काराची सत्यासत्यता चित्रावर जितकी अवलंबून असते, तितकीच ती पाहणाऱ्याशी झालेल्या करारावर अवलंबून असते, हे येथे स्पष्ट होते.

४

आता पुन्हा मेळघाटाकडे वळू. १९१६ मध्ये रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांचा मध्यप्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ लंडन येथे प्रसिद्ध झाला. वऱ्हाड त्यापूर्वीच, १९०३ मध्ये, मध्यप्रांताला जोडला गेला होता. ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात कोरकूंवर स्वतंत्र प्रकरण असून त्यासोबत मेळघाटच्या डोंगरांतील कोरकूंचे व पूर्ण पेहरावातील कोरकू स्त्रियांचे अशी छायाचित्रे दिली आहेत. मेळघाटच्या रहिवाशांची जी चित्रे अभ्यासकांच्या हाती दीर्घकाळ राहिली, त्यांत यांची गणना करावी लागते. मुंडा कुलातील भाषांपैकी अगदी पश्चिमेकडील म्हणून कोरकू भाषेची नोंद ग्रिअर्सनच्या भाषापाहणीच्या चौथ्या खंडाने १९०६ मध्येच केली होती. त्यानंतर दहा वर्षांनी त्या भाषेच्या भाषकांचे चेहरे छापून आले.

या चित्रांकडे पाहताना दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली गोष्ट मुद्रणाची. छापील ग्रंथात छायाचित्र उतरविताना ते जाळीतून पाहून लहानमोठ्या ठिपक्यांत फोडावे लागे. करड्या रंगाच्या असंख्य छटांऐवजी केवळ काळे ठिपके आणि पांढरा कागद उरे आणि छटांचा भास डोळा निर्माण करी. दुसरी गोष्ट काचेची. त्या काळातील सर्वसामान्य काचा निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील आणि तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या असत. सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या काचा १९०६ पासून बाजारात मिळू लागल्या, परंतु त्या सार्वत्रिक होण्यास बराच काळ गेला. सामान्य काचेवर तांबूस किंवा पिंगट वर्णाचा मनुष्य असतो त्याहून अधिक काळा उमटतो. म्हणजे कोणीही हेतुपुरस्सर बदल केला नसतानाही चित्रात वर्णाचा विपर्यास होऊ शकत होता आणि पाहणारा त्यास निसर्गाचा दाखला मानीत होता.

आज चित्र उलट दिशेने झुकले आहे. भ्रमणध्वनीतील 'सौंदर्य' नामक सोयी कातडी गुळगुळीत आणि उजळ करतात. अनेकदा वापरणाऱ्याने त्या मागितलेल्याही नसतात. शंभर वर्षांपूर्वी काचेच्या दोषाने जो चेहरा काळवंडला, तोच चेहरा आज आज्ञावलीच्या गुणाने पांढुरका होतो. कोरकू मुलीचा स्वतःचा वर्ण या दोन्ही चित्रांत नाही. संस्कार न केलेले चित्र सत्य असते, या विधानाची मर्यादा यावरून दिसून येते. यंत्र स्वतःच एक संस्कार करीत असते आणि त्या संस्कारामागे कोणाची तरी आवड वा गैरसोय उभी असते.

५

संगणकीय छायाचित्राच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. १९५७ मध्ये रसेल किर्श याने अमेरिकेत आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र यंत्रात उतरविले. त्याच्या प्रत्येक बाजूस केवळ १७६ बिंदू होते. १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन याने कोडॅक कंपनीत पहिला हाती धरण्याजोगा अंकीय कॅमेरा बनविला, त्याचे चित्र १०० गुणिले १०० बिंदूंचे होते. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीतील ब्राइस बेयर याला ज्या रचनेचे पेटंट मिळाले, ती आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांत आढळते. प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाची काच असते : निम्म्या बिंदूंवर हिरवी, पाव बिंदूंवर तांबडी, पाव बिंदूंवर निळी. राहिलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरले जातात. अशा छायाचित्रातील रंगांच्या आकड्यांपैकी दोनतृतीयांश आकडे मोजलेले नसून अनुमानिलेले असतात.

अशा चित्रात सामान्यतः प्रत्येक बिंदू म्हणजे तांबडा, हिरवा व निळा यांचे तीन आकडे. प्रत्येक आकडा ० ते २५५ यांच्या दरम्यान. एकदा चित्राचे आकडे झाले की संस्कार म्हणजे गणित होते. चित्र जुनाट पिंगट करावयाचे तर तिन्ही आकडे एकत्र करून तांबडा थोडा वर आणि निळा थोडा खाली ठेवावयाचा. धूसर करावयाचे तर प्रत्येक बिंदूस शेजाऱ्यांची सरासरी द्यावयाची. कडा काळ्या करावयाच्या तर मध्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात आकडे कमी करावयाचे. छायाचित्रावरील कलात्मक परिणाम म्हणून जे मिरविले जाते, त्याचे अंतरंग बहुतांशी एवढेच आहे.

भाषेच्या अभ्यासकास यापेक्षा या क्रियांची नावे अधिक रोचक वाटतील. थॉमस नोल याने १९८७ मध्ये लिहावयास घेतलेली आणि १९९० मध्ये 'फोटोशॉप' या नावाने बाजारात आलेली आज्ञावली अंधाऱ्या खोलीची परिभाषा जशीच्या तशी उचलते. तीतील 'डॉज' व 'बर्न' ही साधने म्हणजे कागदावर पडणारा प्रकाश हाताने अडविण्याची व वाढविण्याची जुनी कृती. चित्र तीक्ष्ण करणाऱ्या साधनास तेथे 'अनशार्प मास्क' म्हणजे शब्दशः 'अतीक्ष्ण आवरण' असे उलटे वाटणारे नाव आहे. काचेला तिचीच एक धूसर प्रतिकृती चिकटवून कडा उठावदार करण्याची जी रीत होती, तिचे ते नाव होय. पिंगट छटेचेही तसेच. कागदावरील चांदीचे गंधकाशी संयुग करून चित्र टिकाऊ बनविताना तो रंग येत असे. रसायन गेले, टिकाऊपणाचे कारण गेले, रंग तेवढा अलंकार म्हणून उरला. ज्याप्रमाणे प्रत्यय झिजून अर्थहीन झाला तरी शब्दात टिकून राहतो, त्याप्रमाणे जुन्या कारागिरीचे हे अवशेष नव्या साधनात टिकून आहेत.

६

मग भेद कोठे करावयाचा? याचे उत्तर मेळघाटातील एका पक्ष्याच्या इतिहासात सापडते. रानपिंगळा हा लहानसा घुबडजातीय पक्षी १८७३ मध्ये ह्यूमने प्रथम वर्णिला. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन याने खानदेशात त्याचे काही नमुने जमविले आणि १८८४ नंतर तो दिसेनासा झाला. अपवाद एकच होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश सैनिकी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना असून त्यावर गुजरातेतील मांडवी आणि १९१४ हे साल लिहिलेले होते. या चिठ्ठीवर विश्वास ठेवून पुढील अभ्यासकांनी तो पक्षी गुजरातेत शोधला व त्यांना तो मिळाला नाही. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी त्या नमुन्याची बारकाईने तपासणी केली, तेव्हा तो डेव्हिडसननेच जमविलेल्या नमुन्यांपैकी असून संग्रहालयातून चोरलेला आहे, त्यातील भरण काढून तो नव्याने भरलेला आहे आणि त्यास खोटी चिठ्ठी लावलेली आहे, असे निष्पन्न झाले. त्यांचा निबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्पूर्वीच, नोव्हेंबर १९९७ मध्ये, खोटे स्थळ बाजूस सारून खऱ्या स्थळांचा माग घेत रासमुसेन व त्यांचे सहकारी शहाद्याजवळ पोहोचले आणि ११३ वर्षांनंतर तो पक्षी जिवंत दिसला. पुढे मेळघाटातही त्याचे अस्तित्व सिद्ध झाले.

माइनर्ट्झहागेनने नमुना नव्याने भरला, हा त्याचा खरा अपराध नव्हे. संग्रहालयात नमुने दुरुस्त केले जातातच. केलेला संस्कार लपविला आणि मुळाची चिठ्ठी नाहीशी केली, हा अपराध होता. त्याचे मूल्य इतरांनी चुकीच्या जागी केलेल्या शोधाच्या रूपाने दिले.

हाच धोका आजच्या छायाचित्रात आहे. रानपिंगळा आणि नेहमी आढळणारा ठिपकेदार पिंगळा यांतील एक महत्त्वाची खूण म्हणजे डोक्यावरचे ठिपके. सामान्य पिंगळ्याच्या डोक्यावर ते स्पष्ट असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर जवळजवळ नसतात. मंद प्रकाशात घेतलेल्या चित्रातील रवाळपणा घालविण्यासाठी जी गुळगुळीत करणारी क्रिया वापरतात, तिला रवा आणि ठिपका यांतील भेद कळत नाही. एका निरुपद्रवी संस्काराने सामान्य पिंगळ्याचा रानपिंगळा होऊ शकतो आणि एका दुर्मिळ पक्ष्याची खोटी नोंद जन्मास येऊ शकते. वाघाचेही तसेच. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे आणि त्याच्या डाव्या व उजव्या कुशीवरील पट्टेही परस्परांहून वेगळे असतात. चित्र केवळ आरशातल्याप्रमाणे उलटविले, तर डावी कूस उजवी होते आणि अस्तित्वात नसलेला एक वाघ कागदावर उभा राहतो. प्रवाशाच्या भिंतीवर टांगलेल्या चित्रात हा बदल कोणास कळणारही नाही; गणनेच्या वहीत तो संख्याच बदलील.

७

ग्रंथसंपादनाच्या शास्त्राने या प्रश्नाचे उत्तर पूर्वीच शोधून ठेवले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हा त्याचा आदर्श होय. डॉ. वि. सी. सुखठणकर व त्यांच्यानंतरच्या संपादकांनी पाठ निश्चित केला, म्हणजे निवड केली, गाळले, जोडले. परंतु जे गाळले ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. जेथे पाठ निःसंशय नव्हता, तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ दिली. वाचकास संपादकाचा निर्णय अमान्य करावयाचा असल्यास त्याची सामग्री त्याच पृष्ठावर त्याच्या हाती दिली. संपादन आणि प्रक्षेप यांतील अंतर ते हेच. दोन्हींत मजकूर बदलतो. संपादक बदलाची खूण ठेवतो आणि प्रक्षेपकार ती पुसतो.

संगणकीय साधनांनी ही शिस्त पाळणे सोपे केले आहे, ही गोष्ट मुद्दाम नोंदविली पाहिजे. १९९४ पासून फोटोशॉपमध्ये थरांची सोय आहे. मूळ चित्र तळाशी अबाधित ठेवून प्रत्येक फेरफार वेगळ्या थरावर करता येतो आणि हवा तेव्हा दूर करता येतो. कॅमेऱ्यातील कच्ची नोंद न बदलता केवळ सूचनांची यादी जतन करणारी साधने त्यानंतर आली. काचेवर पेन्सिल फिरविणाऱ्या कारागिरास ही सवड नव्हती. जॉन्सनच्या जुळविलेल्या चित्रास तळटीप नव्हती. उलटपक्षी, २०१० नंतर भ्रमणध्वनीवर एका स्पर्शाने संस्कार करण्याची जी पद्धत लोकप्रिय झाली, तीत पुष्कळदा संस्कारित प्रतच लोकांत फिरते आणि मूळ कोठे आहे हे कोणी विचारीत नाही. २०२३ पासून तर शब्दांनी सांगितलेली वस्तू चित्रात नव्याने निर्माण करण्याची सोयही त्याच आज्ञावलीत आली आहे. साधन शिस्तीस अनुकूल होत असताना व्यवहार मात्र शिस्तीपासून दूर जात आहे, असा हा विरोध आहे.

या विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. छायाचित्रावरील संस्कार हा संगणकाचा शोध नव्हे; तो छायाचित्रणाइतकाच जुना आहे आणि महाराष्ट्रात त्याची परंपरा मुंबईच्या पहिल्या छायाचित्रकारांपर्यंत पोहोचते. सर्वस्वी असंस्कृत असे छायाचित्र नसते, कारण काच, जाळी आणि बिंदू यांपैकी प्रत्येक माध्यम आपला संस्कार करतेच. म्हणून 'बदल केला आहे काय?' हा प्रश्न अपुरा ठरतो. 'बदल सांगितला आहे काय, आणि मूळ जपले आहे काय?' हा खरा प्रश्न होय. या दोन अटी पाळल्या, तर सेमाडोहची सायंकाळ कोणी कितीही तांबूस करावी; तो संस्कारच राहील. त्या न पाळल्या, तर ठिपक्याएवढा बदलही विकार ठरतो.

मेळघाटच्या कोरकूंची शंभर वर्षांपूर्वीची छायाचित्रे आज पुन्हा संगणकावर उतरविली जाऊन रंगविली जाऊ लागतील, तेव्हा या निकषाची कसोटी लागेल. रंगविणारा त्या स्त्रियांच्या लुगड्यांस कोणता रंग देईल आणि कोणत्या आधाराने? त्याच्या अनुमानाखाली एखादी नागमोडी रेघ असेल, तर ते चित्र संशोधनाच्या उपयोगी पडेल. ती नसेल, तर पुढील पिढी त्या रंगालाच पुरावा मानील, आणि रानपिंगळ्याच्या बाबतीत घडले त्याप्रमाणे चुकीच्या जागी शोध सुरू होईल.